चुलीपुढे उभे राहण्याचे वय

माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने स्वयंपाक हाच आपला व्यवसाय ठरवावा की नाही, याची चर्चा बहुधा नोकरी, पगार आणि प्रवेशपरीक्षा यांच्या भाषेत सुरू होते आणि तिथेच संपते. मुळात हा धर्मविचाराचा प्रश्न आहे. माणसाला आपले काम कोणत्या अधिकाराने मिळते, जन्माने, गुणाने की स्वतःच्या निवडीने, आणि ते काम आपले आहे असे म्हणण्याइतकी समज कोणत्या वयात येते, हे दोन्ही प्रश्न भारतीय चिंतनात फार जुने आहेत. स्वयंपाकाच्या संदर्भात ते अधिकच अवघड होतात, कारण अन्नाला देवत्व देणाऱ्या परंपरेनेच अन्न शिजवणाऱ्याला अनेकदा दाराआड ठेवले आहे. या विसंगतीचा उलगडा केल्याशिवाय पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला हो म्हणावे की नाही, हे ठरवता येत नाही.

हा विचार करायला अमरगोळसारखे ठिकाण क्वचितच सापडेल. हुबळी आणि धारवाड या जोडशहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर, नवनगरच्या शेजारी वसलेल्या या गावात एकीकडे चालुक्यशैलीचे बनशंकरीचे जुने मंदिर आहे, तर दुसरीकडे कांदा, मिरची आणि धान्य यांची मोठी उलाढाल करणारी कृषी उत्पन्न बाजार समिती आहे. जवळच रायापूरला अक्षयपात्र संस्थेचे अवाढव्य स्वयंपाकघर असून हजारो शाळकरी मुलांचे दुपारचे जेवण तिथे शिजते. हुबळीत सिद्धारूढ मठातील अन्नदासोह, म्हणजे येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालण्याची प्रथा, अखंड चालू आहे. आणि दोन्ही शहरांच्या गल्ल्यांतून लिंगायत खानावळी, सावजी खानावळी आणि पेढ्यांची दुकाने यांची दाटी आहे. अन्न पिकते, विकले जाते, शिजते आणि वाटले जाते, या चारही अवस्था काही मैलांच्या परिसरात नजरेस पडतात.

ज्या चालुक्यांच्या काळाची आठवण हे मंदिर देते, त्याच कल्याणच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यातील अन्नभोग या प्रकरणात इड्डरिका, धोसक, वडे, भात आणि मांसाचे नाना प्रकार यांची कृती बारकाईने नोंदवली. त्याच्याही आधी, 1025 च्या सुमारास, चावुंडरायाने ‘लोकोपकार’ या कन्नड ग्रंथात पाकशास्त्राला स्वतंत्र जागा दिली होती. पाककलेला ग्रंथविषय मानण्याची परंपरा या भूमीला नवीन नाही, हे यावरून दिसते. मात्र ‘मानसोल्लासा’त अन्न येते ते राजाच्या उपभोगांपैकी एक म्हणून, जो रांधतो त्याचा अभ्यास, त्याचे वय, त्याने ही विद्या कशी मिळवली, याविषयी राजाला फारसे कुतूहल नाही. चव ग्रंथात आली, पण आचारी ग्रंथाबाहेरच राहिला.

धर्मशास्त्राने आचाऱ्याची दखल घेतली खरी, परंतु ती शुद्धतेच्या दृष्टीने. आपस्तंब धर्मसूत्रात वैश्वदेवाचे, म्हणजे जेवणापूर्वी देवतांना अर्पण करायचे अन्न कोणी शिजवावे, याचे नियम सांगितले आहेत. तिथे आर्यांच्या देखरेखीखाली शूद्रांनी स्वयंपाक करण्याची मुभाही आहे. उत्तरकाळात सोवळ्याओवळ्याची बंधने अशी घट्ट झाली, की अन्नाच्या गुणापेक्षा शिजवणाऱ्याची जात अधिक पाहिली जाऊ लागली. ही बाब केवळ इतिहासजमा नाही. शालेय पोषण आहार शिजवण्यासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाला 2004 साली सांगावे लागले, यावरून ती गाठ किती खोल बसली आहे हे समजते.

पुराणकथा या बाबतीत धर्मशास्त्रापेक्षा अधिक बोलक्या आहेत. महाभारतात भीम विराटाच्या घरी बल्लव नावाने आचारी होतो आणि नल राजा ऋतुपर्णाकडे बाहुक या नावाने सारथी म्हणून राहतो, पण स्वयंपाकातही निपुण असतो. दोघेही राजकुळातले, दोघेही अज्ञातवासात, आणि दोघांनाही लपायला चाकरी सोयीची वाटते, कारण चाकराकडे कोणी निरखून पाहत नाही. पण नलाच्या कथेत पुढे जे घडते ते या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे: रूप पालटलेल्या बाहुकाने शिजवलेले अन्न दासीकरवी मागवून दमयंती चाखते आणि हा नलच आहे, अशी तिची खात्री पटते. चेहरा, कुळ आणि राज्य हे सगळे गेल्यावरही ज्या खुणेवरून माणूस ओळखता येतो, ती खूण त्याच्या हाताच्या कौशल्यात असते, असे ही कथा मानते. जन्माने ठरणाऱ्या ओळखीपेक्षा कर्माने घडणारी ओळख टिकाऊ असते, हा विचार येथे बीजरूपाने आहे.

स्वधर्माची कल्पना याच ठिकाणी तपासावी लागते. स्वधर्म म्हणजे ज्याचे त्याला नेमून दिलेले कर्म. दुसऱ्याचे काम कितीही चांगले जमले तरी आपले उणे कामच श्रेयस्कर, असे भगवद्गीता दोनदा बजावते. तिसऱ्या अध्यायात जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो, असा कठोर निर्वाळाही गीता देते, आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर अन्नाला सामान्य वस्तू समजू नये, ते ब्रह्मरूप आहे, अशा अर्थाचा उपदेश करतात. रांधण्याला यज्ञाची पातळी देणारा हा विचार उदात्त आहे यात शंका नाही. परंतु नेमून दिलेले कर्म कोणी नेमले, या प्रश्नाला वर्णव्यवस्थेचे उत्तर जन्म हेच होते. त्यामुळे आचाऱ्याचा मुलगा आचारी झाला तर तो स्वधर्म, आणि शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या मुलीने ते काम निवडले तर ती परधर्माची वाट, असा निष्कर्ष निघत राहिला. अन्नाचे ब्रह्मत्व मान्य करूनही रांधणाऱ्याला निवडीचा अधिकार या चौकटीत मिळत नाही.

तो अधिकार बाराव्या शतकात कल्याण येथे बसवण्णा आणि त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवाला शरण गेलेल्या साधकांनी, दिला. त्यांच्या विचाराचे दोन खांब कायक आणि दासोह हे होत. कायक म्हणजे प्रामाणिकपणे, स्वतःच्या देहकष्टाने केलेले आणि पूजेइतकेच पवित्र मानलेले काम. दासोह म्हणजे त्या कामाचे फळ आपले न मानता समाजाला अर्पण करणे. दोर वळणारा नुलिय चंदय्या, भात कांडणारी सोमव्वा यांसारखे श्रमकरी या मंडळीत राजमंत्री असलेल्या बसवण्णांच्या बरोबरीने बसत. कामाला उच्चनीचता नाही, काम करणाऱ्याच्या निष्ठेला मात्र कसोटी आहे, ही भूमिका स्वधर्माच्या जन्मनिष्ठ अर्थाला सरळ छेद देणारी होती.

या कसोटीचे सर्वांत नेमके दर्शन आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याच्या कथेत घडते, आणि धान्याच्या बाजारपेठेशेजारी ती वाचताना तिचा अर्थ अधिक उमजतो. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्याचे कायक होते. त्या दाण्यांचे अन्न करून शरणांना वाढणे हे लक्कम्माचे. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आला, तेव्हा गरजेहून अधिक आणणे हा लोभ आहे, असे ठणकावून तिने ते परत टाकायला लावले. ज्या बाईच्या हातात चूल होती, तिनेच नवऱ्याला कायकाची मर्यादा शिकवली. स्वयंपाकघरात बसून तत्त्वज्ञान सांगता येते, किंबहुना मोजून घेणे, मोजून शिजवणे आणि वाटून खाणे हीच त्या तत्त्वज्ञानाची प्रत्यक्ष कृती आहे, हे या कथेइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी सांगितले गेले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे लागते. कायक ही प्रौढ माणसाने समजून केलेली निवड आहे. नववी-दहावीतल्या मुलाला ती करता येईल काय? बसवण्णांनी स्वतः कोवळ्या वयात मौंजीबंधन नाकारून घर सोडले, असे परंपरा सांगते, तेव्हा वयाची अट शरणांना अभिप्रेत नसावी. तरीही केवळ इच्छा पुरेशी नाही. काम आणि शिक्षण यांतील फरक कुठे पडतो हे पाहायचे असेल, तर उत्तर कर्नाटकातील आणि दक्षिण महाराष्ट्रातील कोणत्याही खानावळीत सर्वाधिक लागणारी वस्तू, म्हणजे ज्वारीची भाकरी, जवळून पाहावी.

गव्हाच्या कणकेला ताण देणारे ग्लुटेन हे प्रथिन ज्वारीत नसते. म्हणून साध्या पाण्यात भिजवलेले ज्वारीचे पीठ थापताना कडांना फाटते. आधण आलेले पाणी पिठात घालून उकड काढली, की पिठातील पिष्ट फुलते, चिकट होते आणि नसलेल्या ग्लुटेनचे काम काही अंशी करते. पीठ दळून बरेच दिवस झाले असतील तर त्याची विरी जाते आणि उकड काढूनही भाकरी नीट जमत नाही. मळून मऊ झालेला गोळा परातीत किंवा पाटावर तळहाताने थापताना दाब कडेकडून मधे आणि मधून कडेला सतत बदलत राहतो. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा तो नेमका किती आणि ते सुकायच्या आत ती कधी उलटायची, हे डोळ्याला कळावे लागते. आणि शेवटी आचेवर धरल्यावर आतल्या वाफेने पापुद्रा सुटून ती टम्म फुगली, तरच आधीचे सगळे बरोबर झाले असे ठरते. एखाद्या मुलाला वर्षभर फक्त परात पुढे ढकलून रोज शंभर भाकऱ्या थापायला लावल्या, तर त्याचा हात बसेल. पण पाणी गरमच का, पीठ ताजेच का, हे त्याला कोणी सांगितले नाही, त्यालाही विचारू दिले नाही, तर त्याचे हात वापरले गेले आणि तो तिथेच राहिला. ज्याला कारण कळले, तो उद्या बाजरी, नाचणी किंवा तांदूळ यांच्या पिठाशीही बोलू शकतो. कायक आणि निव्वळ मजुरी यांतील सीमारेषा इथे आहे.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीने हाच भेद वेगळ्या पातळीवर मांडला आहे. वरुणाचा मुलगा भृगु बापाकडे येऊन ब्रह्म शिकव म्हणतो. वरुण उत्तर देत नाही, लक्षण सांगून त्याला तपाला पाठवतो. भृगु पहिल्यांदा परत येतो तो अन्न हेच ब्रह्म हे जाणून. वरुण त्याला खोटे ठरवत नाही, पण तिथे थांबूही देत नाही. पुन्हा पाठवतो, आणि मुलगा प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत आनंदापर्यंत पोहोचतो. अन्नाची निंदा करू नये, आलेल्याला विन्मुख पाठवू नये, ही व्रते या शोधानंतर येतात. शिष्याला सापडलेले पहिले सत्य अन्न आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कोवळ्या वयात अन्नापासून सुरुवात करणे हे गौण नाही, परंतु गुरूने किंवा वस्तादाने त्याला तिथेच डांबून ठेवणे हा अपराध आहे. स्वयंपाकाच्या वाटेवर लवकर पाऊल टाकणाऱ्या मुलाला पुढे रसायन, हिशेब, भाषा, आरोग्यशास्त्र किंवा हवे तर पूर्णपणे दुसरेच काम यांकडे जायचा रस्ता उघडा असला, तरच त्याची निवड ही निवड ठरते.

या कसोटीवर आजचा कायदा आणि आजची रूढी दोन्ही घासून पाहणे आवश्यक आहे. खानावळी, ढाबे, चहाची दुकाने येथे चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी घातली. त्यापूर्वी कित्येक दशके उडुपी भागातून मुंबई-बेंगळुरूच्या हॉटेलांत आलेली पोरे फडके मारत, टेबले पुसत मोठी झाली. त्यांतील काही रात्रशाळांत शिकून मालकही झाली, आणि त्यांच्या यशाच्या कथा आवडीने सांगितल्या जातात. त्या कथांमुळे बालपण गमावलेल्या असंख्य मुलांचा हिशेब चुकता होत नाही, हे निक्षून सांगणे भाग आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मनाई झाली, तर चौदा ते अठरा या वयाच्या किशोरांना धोक्याची कामे वगळता इतरत्र मर्यादित तास काम करता येते आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांना राबवता येत नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ हीच हॉटेलची खरी धांदल असल्यामुळे, कायदा पाळणाऱ्या मालकाकडे किशोराला शिकण्यापुरते स्थान उरते, राबण्यापुरते नाही. आणि ते योग्यच आहे.

त्याच दुरुस्तीने एक पळवाटही ठेवली: शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत, कुटुंबाच्या बिनधोक व्यवसायात चौदा वर्षांखालील मूलही हातभार लावू शकते. कुटुंबातून उतरणाऱ्या कौशल्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. धारवाडी पेढा उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने पिढ्यानपिढ्या जपला आणि सावजी मसाल्याची जाण घराघरांतून टिकली, ती याच वाटेने. पण तत्त्वाच्या अंगाने पाहिले तर बसवण्णांनी पुढच्या दाराने बाहेर काढलेला जन्मनिष्ठ स्वधर्म या सवलतीतून मागच्या दाराने आत येतो, कारण घरच्या मुलाला नाही म्हणायची सोय सर्वांत कमी असते. परक्या मालकाला सोडून जाता येते. बापाच्या भट्टीवरून उठून जाणे फार कठीण.

मुलींच्या बाबतीत ही अडचण आणखी गडद आहे आणि तिच्याविषयी बोलायला समाज फारसा तयार नाही. चौदा वर्षांची मुलगी घरात रोज दोन वेळा पोळ्या लाटते, आजारी आईच्या जागी पाचसहा माणसांचा स्वयंपाक सांभाळते, पण तिने स्वयंपाकाच्या व्यवसायाला सुरुवात केली असे कोणी म्हणत नाही; तोच स्वयंपाक तिच्या भावाने पांढरा कोट घालून शिकायचे ठरवले, की त्याला करिअर म्हणतात आणि त्याचे कौतुक होते. तिच्या कामात कौशल्य आहे, श्रम आहे, दुसऱ्यांना खाऊ घालणेही आहे. नाही ती निवड आणि नाही ती नोंद. लक्कम्माचा आदर करणाऱ्या समाजाने आपल्या घरच्या लक्कम्माला विचारले पाहिजे, की ही चूल तिने घेतली आहे की तिच्यावर लादली आहे. या प्रश्नाशिवाय कायकावरची सर्व प्रवचने अपुरी आहेत.

शाळेतच स्वयंपाकाला ज्ञानाचे स्थान देण्याचे प्रयोग मराठी मुलखात झालेले आहेत. 1937 साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधारे सर्व विषय शिकवण्याची पद्धत, मांडली आणि सेवाग्रामच्या शाळेत विद्यार्थ्यांनी आळीपाळीने सामुदायिक स्वयंपाकघर चालवले. धान्याचा हिशेब, आहाराची पोषकता आणि स्वच्छता हे तिथे पाठ्यविषय झाले. पुढे 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग स्वतः अन्नतंत्रज्ञ होते, त्यांनी अमेरिकेत त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली होती, आणि मोठ्या कंपनीतील संशोधन सोडून त्यांनी आठवी ते दहावीच्या ग्रामीण मुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा अभ्यासक्रम रचला. त्याच्या चार विभागांपैकी गृह-आरोग्य विभागात अन्नप्रक्रिया येते. मुले आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात, गावाला लागणाऱ्या सेवा देतात, आणि त्याच वेळी त्यामागचे विज्ञान शिकतात. अन्नशास्त्राचा पंडित शाळकरी पोरांजवळ येऊन बसतो, ही गोष्ट वरुण आणि भृगु यांच्या नात्याच्या जवळ जाणारी आहे.

औपचारिक वाटाही आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय परिषदेचा पाककृती आणि बेकरीचा दीड वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही दहावी उत्तीर्णांना खुला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस यांची शिफारस केली आहे. पण दहा दिवसांच्या ओळखीतून भाकरी फुगत नाही.

हुबळी-धारवाडच्या शाळांची स्थिती या दृष्टीने विलक्षण आहे. कर्नाटकाने 2002 साली सुरू केलेल्या शालेय आहार योजनेला अक्षरदासोह असे नाव दिले. अक्षर आणि अन्न एकत्र देण्याचा बसवण्णांचा वारसा त्या नावात आहे. रायापूरच्या स्वयंपाकघरात धान्य वरच्या मजल्यावर साफ होते, खाली उतरते, वाफेवर मोठ्या भांड्यांत शिजते, आणि तळमजल्यावरून डबे गाड्यांत चढतात. आहाराची शुद्धता आणि वेळ या दोन्ही बाबतींत ही व्यवस्था स्पृहणीय आहे. मात्र ती जेवणारी मुले त्या स्वयंपाकघरात काय घडते ते पाहत नाहीत, आणि अमरगोळच्या बाजारात ज्या मिरचीचा नि कांद्याचा लिलाव होतो त्यांचे आपल्या ताटाशी असलेले नातेही त्यांना कोणी दाखवत नाही. दासोह पोहोचला आहे; कायकाची ओळख मात्र वर्गाबाहेर राहिली आहे.

ही उणीव भरून काढण्याची साधने याच परिसरात आहेत: लाखो पंगतींचा अनुभव असलेले मठ, पिढ्यांचे ज्ञान असलेल्या खानावळी, आयटीआय, धान्याचा बाजार आणि शाळा. मठांनी आपले मुदपाकखाने आठवड्यातून एक दिवस नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी, मुलामुलींना सारख्याच संख्येने, शिकण्यासाठी उघडावेत. खानावळीच्या मालकांनी कामाला पोरे न मागता शिकवायला वेळ द्यावा. आणि शाळांनी त्या दिवसाची नोंद प्रगतिपुस्तकात गणित-विज्ञानाच्या बरोबरीने करावी. पाबळमध्ये हे चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाले. अमरगोळमध्ये ते येत्या जूनपासून सुरू करायला कोणाची परवानगी अडत असेल, तर ती शाळा समित्यांनी आजच मागून घ्यावी.